उंबऱ्यामागे वर्गणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर, वैजापूर, पैठण या तालुक्यांतल्या कुठल्याही मध्यम गावात माघ-फाल्गुनात गेले, तर दुधाच्या डेअरीवर, सोसायटीच्या भिंतीवर किंवा हॉटेलच्या दारावर सप्ताहाची पत्रिका चिकटवलेली दिसते. वर संतांची चित्रे असतात. मग सात दिवसांच्या सात कीर्तनकारांची नावे येतात, आणि त्याखाली बारीक अक्षरांत सगळ्या गावाची कामवाटणी छापलेली असते. व्यासपीठ चालक कोण, काकडा कोणाकडे, हरिपाठाला कोणत्या गावचे भजनी मंडळ, मृदंगाचार्य कोण, विणेकरी कोण, चोपदार कोण, कोणत्या दिवशी सकाळची पंगत कोणाची आणि संध्याकाळची कोणाची. ही पत्रिका नीट वाचली की गावात माणसे कशी जमतात, पैसा कुठून येतो, पुढे कोण असते आणि कोणाचे नाव कुठेच नसते, हे बरेचसे उमगते.

गावाच्या सामाजिक जीवनाबद्दल शहरात दोन टोकांची बोलणी चालतात. एका बाजूला ‘गावपण संपले’ म्हणून हळहळ, दुसऱ्या बाजूला गाव म्हणजे भाबडी एकी असे रंगवलेले चित्र. संभाजीनगर परिसरातल्या गावांचा वर्षभराचा व्यवहार पाहिला, तर दोन्ही खरी ठरत नाहीत. इथे मंडळे भरपूर आहेत. भजनी मंडळ, सप्ताह कमिटी, गणेश मंडळ, जयंती उत्सव समिती, उरूस कमिटी, बचत गट, शेतकरी गट, शाळा व्यवस्थापन समिती, क्रिकेटचा संघ, भिशी, अशी नावे मोजायला बसले तर एकाच गावात पंधरा-वीस निघतील. त्यांतली काही पिढ्यान्‌पिढ्या टिकली, काही दोन वर्षांत विरली. कोणते टिकते आणि का, हा खरा प्रश्न आहे.

सप्ताहापासून सुरुवात करणे योग्य, कारण इतकी गुंतागुंतीची आणि इतकी यशस्वी सामूहिक व्यवस्था या भागात दुसरी नाही. पहाटे काकडा आरती, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा अखंड कार्यक्रम असतो. ‘अखंड’ हा शब्द इथे शब्दशः पाळला जातो. सातही दिवस, चोवीस तास, वीणा खाली ठेवायची नसते. त्यासाठी पहारे लावलेले असतात. रात्री दोन ते चार कोण उभे राहणार, चार ते सहा कोण, याची यादी मंदिरात टांगलेली असते, आणि ज्याचा पहारा असेल त्याला झोपेतून उठवून आणायचे कामही कोणाकडे तरी दिलेले असते. दिवसभर कांदा काढून थकलेला माणूस पहाटे तीनला वीणा गळ्यात घालून उभा राहतो. यामागे भक्ती आहेच, पण आपण गेलो नाही तर आधीचा पहारेकरी अडकून पडेल, ही जाणीवही तितकीच बळकट असते.

पैशाची रीत साधी. उंबऱ्यामागे ठरावीक वर्गणी, कुठे एकरामागे. ज्याची ऐपत जास्त त्याने पंगत घ्यायची किंवा एका कीर्तनाची सेवा उचलायची. धान्य घरोघरून गोळा होते. मोठी पातेली, पराती, सतरंज्या गावाच्या मालकीच्या असतात. त्या लग्नाकार्यालाही फिरतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद होतो. लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईला गेलेली मुले सुट्टी काढून वाढायला उभी राहतात. सप्ताह उठला की दोन-तीन दिवसांत मंदिरात बैठक बसते आणि जमाखर्च वाचला जातो. कोणी किती दिले, मंडपवाल्याला किती गेले, शिल्लक किती, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितले जाते. ज्या गावात हे वाचन होते, तिथला सप्ताह वर्षानुवर्षे चालू असतो. जिथे हिशेब दोघा-तिघांच्या खिशात राहतो, तिथे दुसरा सप्ताह सुरू होतो. एकाच गावात दोन मंदिरे, दोन कमिट्या, दोन लाऊडस्पीकर. गटबाजीला निमित्त निवडणुकीचे असो की भाऊबंदकीचे, तिला वाट बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीतून मिळते.

या परंपरेचे सर्वांत मोठे रूप गोदाकाठच्या सरला बेटाशी जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी श्रावणात वेगळ्या गावाला दिला जातो. २०२५ साली तो वैजापूर तालुक्यातल्या शनिदेवगावात भरला आणि ती त्याची १७८ वी खेप होती. लाखोंची गर्दी, आणि जेवायला आमटी-भाकरी. आमटी सप्ताहाच्या जागी शिजते. भाकरी मात्र आसपासच्या गावांतल्या घराघरांतून येते. कोणत्या गावाने कोणत्या दिवशी भाकरी द्यायची हे आधी ठरते, आणि त्या दिवशी पहाटेपासून अख्ख्या गावातल्या चुली पेटतात. भाकरीने भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक सप्ताहस्थळी पोहोचतात. कुठल्याही केटररला न जमणारी ही गोष्ट गावे आपसांत वाटून घेऊन पार पाडतात. ही क्षमता गावांत आहे, हे धोरणे आखणाऱ्यांनी मनापासून लक्षात घ्यायला हवे. याच गावांत नळयोजनेची देखभाल समिती मात्र वर्षभरही चालत नाही.

याच गोदेच्या काठी पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी भरते. एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये या तिथीला जलसमाधी घेतली. शेकडो दिंड्या पायी येतात. दिंडी ही स्वतःच एक फिरती संस्था आहे. तिचा विणेकरी ठरलेला, चालण्याचा क्रम ठरलेला, मुक्कामाची गावे ठरलेली, आणि त्या गावांत वर्षानुवर्षे जेवण देणारी घरेही ठरलेली. सासऱ्याने सुरू केलेली पंगत सून चालवते. आजोबांच्या वेळी दिंडी ज्या वाड्यात उतरायची, त्या जागी आता सिमेंटचे घर असते, तरी मुक्काम तिथेच. कीर्तनकारांची नवी पिढी घडवणारी वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत काढली, आणि मराठवाड्यातल्या शेतकरी घरांतली असंख्य मुले तिथे किंवा तिच्या धर्तीवरच्या संस्थांत शिकून आली. अलीकडे नामवंत कीर्तनकारांचे मानधन इतके वाढले आहे की लहान गावांचा निम्मा खर्च एका रात्रीवर जातो. वर्गणी वाढली की हातावर पोट असलेली घरे हळूहळू मागे सरतात, आणि मग पत्रिकेतली नावेही त्याच त्या दहा-बारा घरांची होऊ लागतात. वारकरी परंपरेला हे शोभणारे नाही. बिनमानधन किंवा केवळ प्रवासखर्च घेऊन येणारे कीर्तनकार आजही आहेत. गावांनी त्यांना आधी बोलवावे.

जत्रा-उरुसांचे जाळे सप्ताहाहून जुने आणि जास्त मोकळे. खुलताबादला हजरत जर जरी जर बक्ष यांचा उरूस रबी-उल-अव्वल महिन्यात भरतो; चौदाव्या शतकातल्या या सूफी संताच्या दर्ग्यावर चादर चढवायला आणि उरुसातला बाजार करायला सगळ्या जातीधर्मांची माणसे येतात. त्याच खुलताबादेत निद्रिस्त मारुतीचे, म्हणजे भद्रा मारुतीचे स्थान आहे. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून हजारो माणसे पायी निघतात आणि सुमारे पंचवीस किलोमीटर चालून पहाटे पोहोचतात. रस्ताभर चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारी मंडळे उभी असतात. वेरूळला महाशिवरात्रीची जत्रा. लहान गावांत तर ग्रामदैवताची जत्रा म्हणजे वर्षाचा कणा. दुपारी कुस्त्यांचा फड, त्यात आधी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग पैशांच्या, शेवटी मानाची. हरलेल्यालाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मोहरमच्या सवाऱ्यांना खांदा देणारी हिंदू घरे मराठवाड्यातल्या अनेक गावांत होती आणि काही ठिकाणी आजही आहेत. ही सरमिसळ कोणी शिकवलेली नव्हती. शेतीचा हंगाम, बाजारहाट आणि नवस यांनी ती आपोआप घडवली. ती टिकवणे मात्र आता आपोआप होणार नाही.

मराठवाड्यात एकत्र जमणे ही गोष्ट नेहमी सोपीही नव्हती. हैदराबादच्या निजामी राजवटीत १९२९ च्या सुमारास निघालेल्या गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकाने जाहीर सभांना सरकारी परवानगीची अट घातली. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही निर्बंध आले. परिणाम असा झाला की राजकारण धार्मिक आणि वाङ्मयीन कार्यक्रमांच्या आश्रयाने वाढले. गणेशोत्सवातले मेळे, वाचनालये, साहित्यसभा, व्याख्याने यांतून माणसे जोडली गेली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा त्यामागे अशा लहान लहान मंडळांची पूर्वतयारी होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध लढा उभा राहिला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. इथल्या जुन्या पिढीला ‘सभा’ या गोष्टीचे मोल वेगळे का वाटते, ते या इतिहासातून समजते. आज १७ सप्टेंबरला ग्रामपंचायतीपुढे झेंडावंदन होते, दोन भाषणे होतात आणि लोक शेतात जातात. त्या दिवशी गावातल्या जुन्या वाचनालयाचे दार उघडून तो इतिहास मुलांना सांगता आला असता. पण बऱ्याच गावांत ते दार कुलूपबंद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यामुळे अ, ब, क, ड वर्गांत बसणाऱ्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले आणि खेडोपाडी पाट्या लागल्या. पाटी आहे, कपाट आहे, वाचक नाही, अशी त्यांतल्या अनेकांची गत झाली. अनुदान जिवंत ठेवते ते कागदावरच.

सप्ताहाच्या पत्रिकेत ज्यांची नावे क्वचितच दिसतात, त्यांनी आपली वेगळी आणि तितकीच भरीव सामूहिक परंपरा उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात, म्हणजे या महाविद्यालयाच्या परिसरात, शिकलेली मुले गावोगावी परतली आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यांमध्ये विहार उभे राहिले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, अनेक विहारांत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी अर्थ विचारतो. ज्या बाया स्वतः शाळेत गेल्या नाहीत, त्या हे वाचन वर्षानुवर्षे ऐकून ग्रंथातले प्रसंग क्रमाने सांगू शकतात. खेड्यातला याहून चांगला वाचनवर्ग शोधून सापडणार नाही. शेवटच्या दिवशी खीरदान होते. चौदा एप्रिलला जयंती होते. लोककवी वामनदादा कर्डकांच्या परंपरेतल्या गायनपार्ट्या रात्रभर गातात, आणि हल्ली डीजेने त्यांची जागा बळकावली याची खंत वस्तीतली जाणती माणसे उघडपणे बोलून दाखवतात. चौदा जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कमानीपुढे नामविस्तार दिनाला गावोगावचे लोक येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या काळात गावात कोण कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे अजून विसरले गेलेले नाही. म्हणून ‘गावाचा कार्यक्रम’ असे म्हणताना गाव म्हणजे नेमके कोण, हे दरवेळी विचारावे लागते. एका गावात मंदिराची भांडी विहाराच्या भोजनदानाला जात असतील आणि जयंतीच्या मिरवणुकीला सप्ताह कमिटीचे लोक पाणी देत असतील, तर त्या गावाने फार मोठी मजल मारली आहे.

गेल्या तीस वर्षांत गावाच्या सामूहिक जीवनात सर्वांत मोठा बदल झाला तो बायकांच्या बाजूने. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ मध्ये स्थापन झाले, आणि राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ २०११ पासून सुरू आहे. या दोन्हींतून आणि सामाजिक संस्थांच्या कामातून बचत गटांचे जाळे पसरले. दहा ते वीस बायांचा गट. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि लेखे अद्ययावत, ही त्याची पंचसूत्री. गावातले गट मिळून ग्रामसंघ, त्यांचा पुढे प्रभागसंघ. महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या बाईला सुरुवातीला त्यातून फार काही मिळत नव्हते. पण महिन्यातून एकदा, घरातल्या कोणाचीही परवानगी न मागता बाहेर जाऊन बसण्याचे एक अधिकृत कारण तिला मिळाले. सही शिकायची सक्ती झाली. बँकेत जाऊन साहेबाशी बोलायची वेळ आली. १९९३ पासून ग्रामपंचायतीत एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, तेव्हा उभे राहायला तयार असलेल्या अनेक जणी गटाच्या अध्यक्ष किंवा सचिव होत्या.

इथेही वही महत्त्वाची. गटाची सचिव बैठकीत वही मोठ्याने वाचते. कोणाचा हप्ता थकला हे सगळ्यांना कळते, आणि तो का थकला हेही कळते. नवऱ्याचा अपघात, पोरीची फी, गेलेले पीक. मग गट मुदत वाढवून देतो. खासगी फायनान्स कंपन्यांचे गट दिसायला असेच असतात, पण त्यांत बचत नसते, वही बायांच्या हातात नसते, आणि हप्त्याच्या दिवशी एकीने भरले नाही तर बाकीच्या नऊ जणींना भरेपर्यंत बसवून ठेवले जाते. गावातली माणसे दोन्हींना ‘गट’च म्हणतात आणि फायनान्सच्या गटांतल्या भांडणांचा डाग बचत गटांवर लागतो. हा फरक ग्रामसभेत स्पष्ट करून सांगणे निकडीचे झाले आहे, कारण एकाच बाईच्या डोक्यावर तीन-तीन कंपन्यांचे हप्ते असल्याची उदाहरणे गावोगाव दिसतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचेही रूप पालटते आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. मराठवाड्यात याची गरज जास्त, कारण शेतकरी आत्महत्यांनी इथे तरुण विधवांची संख्या वाढवली आहे. काही बचत गटांनी विधवांसह आपल्या गटातल्या सगळ्या जणींना वाण द्यायचे ठरवले. ठराव करणे सोपे. पहिल्या वर्षी विधवा बाई स्वतःच दाराआड उभी राहते. तिला हाताला धरून आत आणावे लागते, आणि ते काम तिच्या शेजारणीलाच जमते.

शेतकऱ्यांच्या गटांची कथा वेगळी. जालन्याजवळ खरपुडीला मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने दर महिन्याला शेतकऱ्यांची चर्चासत्रे भरत आली. ठरल्या दिवशी जालना, संभाजीनगर भागातले शेतकरी डबा बांधून येत, शास्त्रज्ञाला प्रश्न विचारत आणि एकमेकांचे अनुभव घेऊन परतत. याच केंद्राच्या मदतीने १९९० च्या दशकात जालना तालुक्यातल्या कडवंचीत पाणलोटाचे काम झाले आणि कोरडवाहू गाव शेततळी व द्राक्षांसाठी नावाजले. फळबागतज्ज्ञ डॉ. भगवानराव कापसे यांनी गटशेतीचा आग्रह धरून जालना-संभाजीनगर पट्ट्यात शेतकऱ्यांचे गट बांधले. बियाणे-खते एकत्र आणली तर स्वस्त पडतात, माल एकत्र विकला तर व्यापारी बांधावर येतो, हे त्यामागचे सरळ गणित. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत खुलताबाद, फुलंब्री या तालुक्यांतली गावे उतरली तेव्हा पहाटे श्रमदानाला निघालेल्या टोळ्यांमध्ये एकमेकांशी वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊबंदही होते. स्पर्धा संपल्यावर ज्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय ठेवली, तिथे काही तरी उरले. बाकीच्या ठिकाणी नुसते चर उरले. संस्थेने २०२२ पासून शेतकरी गटांचा फार्मर कप सुरू केला, तो याच अनुभवातून पुढे आलेला दिसतो.

सरकारने आदेश काढून जन्माला घातलेल्या समित्यांबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. बक्षिसे होती तोवर समित्या जागत्या होत्या, आणि अध्यक्षपद पॅनलांच्या वाटाघाटीतले एक पद होऊन बसले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान मात्र २००० साली सुरू झाले तेव्हा त्याने गावे खरोखर हलवली. शहराला लागून असलेले पाटोदा त्याचे ठळक उदाहरण. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत केले, पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय केली, झाडे लावली. पाटोद्याचे नाव झाले ते पुरस्कारांमुळे, पण तिथली किल्ली होती ती देवघेवीच्या स्पष्टपणात. कर दिला की दळण मिळते, हे प्रत्येक घराला रोज दिसत होते. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार पुरेसे आहेत. तरीही कितीतरी गावांत सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. सप्ताहाच्या हिशेबाला दोनशे माणसे बसतात आणि ग्रामपंचायतीच्या हिशेबाला वीसही बसत नाहीत, याचे कारण लोकांची उदासीनता असे सांगितले जाते. ते पटत नाही. सप्ताहात आपली वर्गणी आहे आणि तिचे काय झाले ते कळते, ग्रामपंचायतीत निधी वरून येतो आणि कुठे गेला ते कळत नाही, इतकाच हा फरक आहे.

शहर वाढत गेले तसे गावाच्या जमण्याचे घड्याळही बदलले. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवतालच्या गावांतली तरुण पोरे पाळीला जाऊ लागली. दुसऱ्या पाळीहून रात्री साडेअकराला परतणारा पखवाजवाला कीर्तनाला उभा राहू शकत नाही. रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावात आता भाडेकरूंची संख्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी पट आहे. बुलडाणा, जालना, परभणीकडून आलेली माणसे तिथे आपापल्या भागातल्या लोकांची मंडळे करतात आणि गणपती तिथेच बसवतात, पण जत्रेला आपल्या गावी जातात. उलट कन्नड, सिल्लोडच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीला जाणारी घरे दसऱ्यानंतर रिकामी होतात. तिथले कार्यक्रम तोडणी संपून माणसे परतल्यावर, चैत्र-वैशाखात येतात. शाळेचे स्नेहसंमेलन मात्र दोन्हीकडे जोमात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले नाचतात, आणि एकेक पालक मंचाकडे जाऊन वीस, पन्नास, शंभर रुपये देतो. गुरुजी माईकवर त्याचे नाव पुकारतात. त्या पैशांतून शाळेला पंखे येतात, टीव्ही येतो. मजुरी करणाऱ्या आईचे नाव गावापुढे मोठ्याने उच्चारले जाण्याचा तो कदाचित वर्षातला एकमेव दिवस असतो.

तरुण मुलांच्या जमण्याच्या जागा पार आणि तालीम यांच्याकडून अभ्यासिकेकडे सरकल्या. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले, आणि आता मुलीही, या जिल्ह्यात सर्वत्र दिसतात. चार जण मिळून एक खोली घेतात, टेबल-खुर्च्या आणतात, चालू घडामोडींची मासिके वाटून वाचतात. कोणत्याही योजनेविना उभी राहिलेली ही मंडळे आहेत. भरती झालेला मुलगा पुढच्या मुलांसाठी पुस्तके सोडून जातो. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांना पुढाऱ्यांचे चषक मिळतात, मंडप मिळतो. अभ्यासिकेला वीजबिल भरायलाही कोणी मिळत नाही.

शेवटी प्रश्न छताचा येतो. इंग्लंडातल्या खेड्यांत दहा हजारांच्या आसपास व्हिलेज हॉल आहेत. गावातलेच विश्वस्त ते चालवतात, आणि सोमवारी बायकांची सभा, मंगळवारी मुलांचा वर्ग, शनिवारी नाच, असे त्यांचे वेळापत्रक दारावर लागलेले असते. विमेन्स इन्स्टिट्यूट ही ग्रामीण स्त्रियांची संस्था १८९७ मध्ये कॅनडातल्या स्टोनी क्रीकला सुरू झाली आणि १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटनमध्ये आली. तिच्या शाखांना आपली सभा भरवायला सहसा कोणाच्या देवळात जावे लागले नाही. मराठवाड्यातल्या गावात छत आहे ते बहुधा मंदिराचा सभामंडप, विहार, दर्ग्याचा ओटा किंवा समाजमंदिर. आमदार-खासदारांच्या निधीतून गेल्या काही दशकांत सभामंडप भरपूर झाले, पण ते ज्याच्या-त्याच्या वस्तीत झाले. बचत गटाची बैठक अजून अध्यक्षाच्या ओसरीवर किंवा अंगणवाडीत होते. पावसाळ्यात ती रद्द होते. सभामंडपात बसायचे तर काही जणी येत नाहीत, काहींना येऊ दिले जात नाही, आणि मासिक पाळीच्या दिवसांत कितीतरी जणी स्वतःहून बाहेर थांबतात.

म्हणून ज्या गावांकडे ग्रामपंचायतीचे सभागृह आहे, त्यांनी त्याचे कुलूप काढण्यापासून सुरुवात करावी. सकाळी अभ्यासिकेची मुले, दुपारी बचत गट, संध्याकाळी शेतकरी गट, वर्षावासात किंवा पारायणाच्या दिवसांत ज्यांना हवे त्यांना वाचन, असे वेळापत्रक फलकावर लावावे. किल्ली सरपंचाच्या घरी न ठेवता ग्रामसंघाकडे द्यावी, आणि विजेचा खर्च वापरणाऱ्या मंडळांनी वाटून घ्यावा. गावांना वीणेचे पहारे लावता येतात, तसे सभागृहाचेही लावता येतील. सभागृहासाठी पैसा लागला, तर वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. गावचा आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो, आणि महिलांची सभा त्याआधी घ्यावी लागते. सभागृहाची ही मागणी त्या महिला सभेतच लेखी नोंदवायला हवी.